दोन अंकांच्या मधली माणसे

देऊळ आणि नाटक यांचे नाते आपल्या मुलखात फार जुने आहे. देवाचा उत्सव आला की पालखी निघते, कीर्तन होते, महाप्रसाद होतो आणि रात्री देवळापुढच्या पटांगणात नाटक उभे राहते. कोकणात दशावतार, घाटावर वगनाट्य किंवा गावच्या हौशी मंडळींनी बसविलेले पौराणिक नाटक, असा हा क्रम पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. नाटक म्हटले की राजा, राणी, राक्षस, ऋषी ही पात्रे डोळ्यांपुढे येतात. कोणी दुष्यंत केला, कोणी शकुंतला केली, कोणाचा भीम गाजला, हे गाव वर्षानुवर्षे आठवीत बसते. परंतु एक अंक संपून दुसरा सुरू होईपर्यंत जी मधली जागा असते, तिच्यात कोण येऊन गेले याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. खरे पाहता नाटकाच्या इतिहासात या मधल्या जागेने फार मोठे काम केले आहे. त्या जागेचा थोडक्यात वृत्तांत येथे देण्याचे योजिले आहे.

शास्त्राने दिलेली जागा

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकाचे बारीकसारीक नियम सांगितले आहेत. अंकात काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हेही त्यात आले आहे. युद्ध, मृत्यू, राज्यनाश, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, असा दंडक आहे. एका अंकात साधारण एका दिवसाची हकीकत असावी. मग कथेत वर्षभराचा काळ गेला असेल, पात्रे दूरदेशी गेली असतील किंवा लढाई होऊन गेली असेल, तर ते प्रेक्षकांना कळावे कसे? याकरिता दोन अंकांच्या मध्ये लहानसा प्रवेश घालण्याची सोय शास्त्रकारांनी केली. अशा प्रकारची पाच साधने सांगितली आहेत. विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकमुख आणि अंकावतार ही त्यांची नावे होत. पडद्याआडून कोणी बोलून घडलेली गोष्ट कळविली तर ती चूलिका. बाकीच्यांत महत्त्वाची दोन, विष्कंभक आणि प्रवेशक.

या दोहोंतला भेद समजून घेण्यासारखा आहे. विष्कंभकात मधल्या दर्जाची पात्रे येतात. ती संस्कृतात बोलत असतील तर तो शुद्ध विष्कंभक, आणि त्यांच्याबरोबर प्राकृत बोलणारे कोणी असेल तर मिश्र. प्रवेशकात मात्र केवळ हलक्या दर्जाची मानलेली पात्रे येतात. दासी, नोकर, शिपाई अशी ही माणसे असतात आणि ती प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीत बोलतात. प्रवेशक पहिल्या अंकाच्या आरंभी येऊ शकत नाही. त्याची जागा दोन अंकांच्या मध्येच ठरलेली आहे.

म्हणजे राजाला अंक मिळाला आणि नोकराला अंकांच्या मधली फट मिळाली. वरवर पाहता हा भेदभावच आहे. परंतु मोठ्या कवींनी या फटीचा उपयोग कसा केला, हे पाहिले की मन थक्क होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आज अंक संपला की दर्शनी पडदा पडतो आणि काळ पुढे सरकला हे प्रेक्षक समजून घेतात. प्राचीन रंगमंचावर असा पुढचा पडदा नव्हता. पडदा होता तो मागे, रंगमंच आणि पात्रे सजण्याची जागा यांच्या दरम्यान. अंक संपला म्हणजे सर्व पात्रे आत निघून जात आणि मंच रिकामा होई. त्या रिकाम्या मंचावर दोन सामान्य माणसे बोलत येत आणि त्यांच्या बोलण्यातून महिने, वर्षे ओलांडली जात. पडद्याचे काम त्या काळी माणसे करीत होती.

शाप आणि अंगठी

कालिदासाचे शाकुंतल सात अंकांचे आहे. त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. दुष्यंत राजा शिकारीच्या निमित्ताने कण्व ऋषींच्या आश्रमाकडे येतो, शकुंतलेशी गांधर्व विवाह करतो, खुणेची अंगठी देऊन राजधानीस परत जातो आणि पुढे तिला ओळखतच नाही. या सगळ्या कथेच्या दोन किल्ल्या आहेत. एक दुर्वासाचा शाप आणि दुसरी हरवलेली अंगठी सापडणे. शाप नसता तर वियोग नव्हता. अंगठी सापडली नसती तर भेट नव्हती. या दोन्ही किल्ल्या कालिदासाने अंकात ठेवलेल्या नाहीत. दोन्ही अंकांच्या मधल्या प्रवेशात आहेत.

चौथ्या अंकाच्या आरंभी विष्कंभक आहे. अनसूया आणि प्रियंवदा या दोघी सख्या पूजेसाठी फुले वेचीत आहेत. शकुंतला कुटीत एकटीच पतीच्या विचारात गढून बसली आहे. तेवढ्यात पडद्याआडून अतिथीचा आवाज येतो. दुर्वास दारी उभे आहेत आणि त्यांच्याकडे तिचे लक्ष नाही. शापाचे शब्द आतूनच ऐकू येतात. प्रियंवदा धावत जाऊन ऋषींची विनवणी करते आणि ओळखीचा दागिना दाखविला की शाप फिटेल, एवढा उःशाप घेऊन येते. नवल असे की ज्या शकुंतलेचे आयुष्य या शापाने उलटेपालटे झाले, तिला याचा पत्ताच नाही. दोघी मैत्रिणी ठरवितात की ही गोष्ट आपल्या दोघींतच राहू द्यावी, ती नाजूक आहे, तिला सोसणार नाही. नाटकातील सर्वांत मोठी घटना अशी फुले वेचणाऱ्या दोन मुलींच्या बोलण्यात घडून जाते.

पुढे सासरी जाताना शक्रावतार येथील शचीतीर्थावर शकुंतलेच्या बोटातील अंगठी पाण्यात पडते. पाचव्या अंकात भर दरबारात राजा तिला नाकारतो. त्या प्रसंगानंतर प्रेक्षकांचे मन जड झालेले असते. अशा वेळी, सहाव्या अंकाच्या आरंभी, कालिदासाने प्रवेशक घातला आहे तो असा.

दोन शिपाई एका कोळ्याला हात मागे बांधून मारीत मारीत घेऊन येतात. मागून त्यांचा वरिष्ठ, नगररक्षक येतो. तो राजाचा मेहुणाच आहे. शिपायांची नावे सूचक आणि जानुक. कोळ्यावर आळ असा की राजाचे नाव कोरलेली रत्नजडित अंगठी याच्याजवळ कशी? याने ती चोरलीच असली पाहिजे. कोळी काकुळतीने सांगतो की तो शक्रावतार येथे राहणारा, जाळे आणि गळ टाकून कुटुंब पोसणारा माणूस आहे. शिपाई त्याला अडवून जातीवरून हिणवितात. नगररक्षकही त्याच्या धंद्याची थट्टा करतो. त्यावर तो बांधलेला, मार खाल्लेला माणूस जे उत्तर देतो ते ऐकण्यासारखे आहे. जन्माने जे काम वाट्याला आले, ते निंदले जात असले तरी सोडू नये, असे तो म्हणतो. आणि यज्ञात पशू मारणारा श्रोत्रिय दयाळू अंतःकरणाचा असू शकतोच की नाही, असा दाखलाही तो देतो. राजाच्या मेहुण्यापुढे, हात बांधलेल्या स्थितीत, हे बोलणे म्हणजे सामान्य धैर्य नव्हे. त्यानंतर तो सांगतो की एक दिवस रोहित मासा कापताना त्याच्या पोटात ही अंगठी दिसली आणि ती विकावयास म्हणून दाखवीत असता पकडला गेला.

नगररक्षक अंगठी घेऊन राजवाड्यात जातो. बाहेर शिपायांचे हात शिवशिवत असतात. याला सुळावर द्यायचे की गिधाडांपुढे टाकायचे, अशी त्यांची चर्चा चाललेली असते. नगररक्षक परत येतो तो मात्र कोळ्याला सोडण्याचा हुकूम घेऊन. राजाने अंगठीच्या किमतीएवढे बक्षीस पाठविले आहे. तो शिपायांना सांगतो की राजाला रत्नाचे मोल वाटलेले दिसले नाही, कोणा प्रिय माणसाची आठवण झाली असावी, कारण स्वभावाने गंभीर असूनही क्षणभर त्याचे डोळे भरून आले. शिपायांना याचा अर्थ कळत नाही. प्रेक्षकांना मात्र सर्व कळते. शाप फिटला, राजाला शकुंतला आठवली, ही बातमी कालिदासाने मंत्र्याच्या किंवा ऋषीच्या तोंडी घातली नाही. ज्यांना तिचा अर्थ कळत नाही अशांच्या तोंडून ती प्रेक्षकांपर्यंत पोचविली. म्हणूनच ती काळजाला भिडते.

शेवट तर अस्सल सरकारी चाकरीतला आहे. जानुक बक्षिसाकडे अशा डोळ्यांनी पाहू लागतो की कोळी काय ते समजतो आणि अर्धी रक्कम फुलांची किंमत म्हणून शिपायांस देऊन टाकतो. लगेच नगररक्षक त्याला जिवलग मित्र म्हणतो आणि मैत्री पक्की करण्यास सर्व मंडळी मद्याच्या दुकानाकडे निघतात. ज्याला घटकाभरापूर्वी सुळावर चढविणार होते, त्याच्याच पैशाने! सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या लेखणीने केलेले हे चित्र कोणत्याही काळातील चावडीवर ओळखू येईल.

या प्रवेशात कोळी आणि शिपाई मागधी प्राकृत बोलतात. त्या बोलीत ‘र’चा ‘ल’ होतो आणि ‘स’चा ‘श’ होतो. तेव्हाच्या प्रेक्षकांना त्या उच्चारानेच हसू फुटत असेल. हसविता हसविता कवीने त्यांच्यापुढे एक निरपराध माणूस उभा केला आणि त्याला मोठ्या माणसांपुढे उत्तर देऊ दिले.

रणांगण आणि आश्रम

या मधल्या जागेचा उपयोग इतर कवींनीही मोठ्या कल्पकतेने केला आहे. भासाच्या स्वप्नवासवदत्तात चौथ्या अंकाच्या आरंभी विदूषक येतो आणि राजवाड्यातील पाहुणचाराने पोट कसे बिघडले आहे, मऊ बिछान्यावरही झोप कशी येत नाही, याचे रडगाणे गातो. राजाच्या दुःखाच्या नाटकात हे पोटाचे दुखणे प्रेक्षकांना क्षणभर मोकळे करते.

भट्ट नारायणाच्या वेणीसंहारात तिसऱ्या अंकापूर्वीचा प्रवेशक अगदी वेगळ्या जातीचा आहे. कुरुक्षेत्रावर घनघोर युद्ध चालले आहे, पण ते मंचावर दाखवावयाचे नाही. तेथे येते कोण? रुधिरप्रिय नावाचा राक्षस आणि त्याची बायको वसागंधा. हे जोडपे रणांगणावरील रक्त आणि चरबी गोळा करून घरात साठवीत आहे. कोण पडले, कोण मारले गेले, हे त्यांच्या संसारी गप्पांतून कळते. हिडिंबेच्या सांगण्यावरून तो राक्षस भीमसेनाच्या पाठोपाठ फिरणार आहे, कारण भीमाने दुःशासनाचे रक्त पिण्याची प्रतिज्ञा केलेली आहे. वीरांच्या प्रतिज्ञा आणि पराक्रम यांच्या मधोमध कवीने ही रक्ताची साठवण दाखविली. युद्धात कोणाची भर होते, हे याहून परखडपणे सांगता येणार नाही.

भवभूतीच्या उत्तररामचरितात पहिल्या आणि दुसऱ्या अंकांमध्ये बारा वर्षांचा काळ जातो. तो भरून काढते आत्रेयी नावाची एक तापसी. ती वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्यांच्या आश्रमाकडे अध्ययनासाठी निघाली आहे आणि वाटेत वनदेवता वासंतीशी तिची गाठ पडते. आश्रम का सोडला, तर तेथे दोन मुले आली आहेत, त्यांची बुद्धी इतकी तीव्र की त्यांच्याबरोबर इतरांनी शिकणे अशक्य झाले! ती मुले म्हणजे कुश आणि लव. सीतेचे पुत्र जिवंत आहेत ही वार्ता रामाला नव्हे, तर प्रेक्षकांना प्रथम कळते, आणि ती कळते विद्येसाठी एकटीने दंडकारण्य तुडविणाऱ्या एका स्त्रीकडून. पुढे सहाव्या अंकापूर्वी लव आणि चंद्रकेतू यांच्या युद्धाचे वर्णन आकाशातून जाणारे एक विद्याधर जोडपे करते. भवभूतीचे घराणे विदर्भातील पद्मपूरचे मानले जाते, त्यामुळे महाराष्ट्राला त्याचा विशेष अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

मराठी नाटकाचा आरंभ

मराठी नाटकाचा आरंभ 1843 साली सांगलीस झाला. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. भाव्यांच्या नाटकात आजच्यासारखे लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदे म्हणे, आरंभी गणपती आणि सरस्वती येऊन जात, विदूषक धमाल करी आणि पात्रे ऐनवेळी सुचेल तसे भाषण करीत. राक्षस आरोळ्या ठोकीत मंचावर उड्या घेई. अंकांची काटेकोर वाटणी नसल्यामुळे एक सोंग जाऊन दुसरे येईपर्यंतची वेळ सूत्रधाराचे पद आणि विदूषकाची बडबड यांनीच भरून निघे.

हीच पद्धत कोकणातील देवळांपुढच्या दशावतारात आधीपासून होती. मुख्य आख्यानापूर्वी आडदशावतार होतो. त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येतात आणि वेद पळविणारा संकासुर येतो. काळ्या वेषातला हा संकासुर आपल्या बोलीत गावातल्या गोष्टींवर टोमणे मारतो. शेवटी विष्णूच्या हातून त्याचे पारिपत्य होते, पण तोवर त्याने सर्वांना मनसोक्त हसविलेले असते. देवाच्या दारात देवाच्या शत्रूला इतके बोलू देण्याचा उदारपणा आपल्या लोकपरंपरेत होता, ही लहान गोष्ट नव्हे.

1855 साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून तिच्या नवऱ्याला कर्जात बुडविणारा जोशी आहे, उपदेश करणारा पाद्री आहे, आणि या सर्वांच्या बोलण्यात मधूनमधून येणारा विदूषक आहे. येथील विदूषक केवळ हसविण्यासाठी नाही. पात्रांचे बोलणे थांबले की तो पुढे येतो आणि जे घडले त्याचा खरा अर्थ प्रेक्षकांना सांगतो. अखेर ते कुणबी जोडपे रात्रीच्या शाळेत जाऊन शिकण्याचे ठरविते. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले होते, परंतु त्यास आश्रय मिळाला नाही. छापून प्रसिद्ध होण्यास 1979 साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षे या विदूषकाला बोलावयास जागाच मिळाली नाही. मधल्या जागेतील माणसाचे बोलणे किती झोंबू शकते, याचा हा पुरावा होय.

फार्सांचा जमाना

1853 साली भाव्यांच्या मंडळीने मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ केले. तेथे इंग्रजी खेळही होत आणि मोठ्या नाटकास जोडून एक लहानसा विनोदी खेळ करण्याची त्यांची रीत होती. त्या खेळाला फार्स म्हणत. मराठी मंडळ्यांनीही ही रीत लवकरच उचलली. रात्रभर चालणाऱ्या पौराणिक नाटकास जोडून, कधी मध्ये तर बहुधा शेवटी, फार्स होऊ लागले आणि प्रेक्षक त्यासाठी ताटकळत बसू लागले. नाटकात देव आणि दैत्य बोलत, फार्सात मात्र शेजारीपाजारी बोलत. भाषा घरातली, कपडे रोजचे आणि विषय ज्याच्या त्याच्या माहितीचे. म्हातारपणी बाशिंग बांधणारे, मुलीवर पैसे घेणारे बाप, दारूच्या नादी लागलेले शिकलेले तरुण, साहेबी थाट करणारे नवे बाबू, ढोंगी साधू, हे सर्व फार्सात आले.

सुरुवातीच्या काळातील मराठी नाटकात चालू समाज प्रथम पाऊल टाकता झाला तो बराचसा या फार्सांच्या दाराने. पुढे 1899 साली गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ आले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख त्यांनी पूर्ण नाटकाचा विषय केले. ज्यावर फार्सात लोक नुसते हसत होते, त्यावर आता ते डोळे पुसू लागले. कडेला उभा असलेला विषय असा मुख्य अंकात येऊन बसला. कोणत्याही सुधारणेचा प्रवास बहुधा असाच होतो. आधी लोक हसतात, मग ऐकतात.

फार्सात ओंगळपणा आणि व्यक्तिगत निंदाही पुष्कळ शिरली, हेही नमूद करणे भाग आहे. ज्यांना समाजात उलट बोलण्याची सोय नव्हती, अशांचीच टवाळी करून टाळ्या मिळविण्याचा मोह अनेकांना आवरला नाही. कालिदासाच्या प्रवेशकात हसू होते, पण शेवटी मान राहिला तो कोळ्याचा. तेवढी जाण प्रत्येक फार्सवाल्यास कोठून असणार?

किर्लोस्करांचे शाकुंतल

ज्या 1843 साली सांगलीस पहिले नाटक झाले, त्याच साली गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. नाटकाचे वेड असलेल्या अण्णासाहेबांनी पोटासाठी बेळगावकडे शिक्षकाची आणि पुढे महसूल खात्यात कारकुनीची नोकरी केली. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. दिवसा दप्तर आणि रात्री नाटक अशी कसरत करणाऱ्या गावोगावच्या कारकून-मास्तरांना अण्णासाहेब आपले वाटतात, ते उगीच नव्हे.

त्या पहिल्या रात्री पहिले चारच अंक झाले. म्हणजे दुर्वासाचा शाप झाला, शकुंतला सासरी निघाली, आणि खेळ तेथेच थांबला. अंगठी बोटातच राहिली. उरलेले अंक बसवून पुढे सातही अंकांचे प्रयोग होऊ लागले, तेव्हाच कथा पुरी झाली. अंगठीवाल्या कोळ्यावाचून कथा कोठे अडते, हे यावरून कोणाच्याही ध्यानात यावे.

पुढे संगीत नाटकांची भरभराट झाली. 1882 मध्ये किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ आले. चितारलेले पडदे आले, ऑर्गन आला, वन्समोअर आले. नाटके रात्र रात्र चालत. दर्शनी पडदा आल्यामुळे काळ लोटला हे सांगण्यास विष्कंभकाची गरज उरली नाही. नाटकातील मधली जागा पेटीवाल्याने, तबलजीने आणि बाहेरच्या चहावाल्याने भरून काढली. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. पुढे नाटके आटोपशीर झाली. पाचांचे तीन अंक झाले, तिनांचे दोन झाले आणि मध्ये एकच मध्यंतर उरले.

शेजारची गोष्ट

ही मधली जागा आजही जिवंत आहे ती गोव्याच्या तियात्रात. 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन रिबेर यांचा ‘इटालियन भुरगो’ हा पहिला कोंकणी तियात्र झाला. तियात्रात कथेचे भाग असतात, त्यांस पडदे म्हणतात, आणि दोन पडद्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी होतात. या गाण्यांचा चालू कथेशी संबंध असावाच लागतो असे नाही. पडदा पडला की गायक पुढे येतो आणि महागाई, दारू, पुढाऱ्यांच्या करामती, घरातले कलह, अशा कोणत्याही विषयावर सडेतोड गातो. गाणे आवडले तर टाळ्यांचा पाऊस पडतो आणि पुन्हा गावे लागते. कित्येक प्रेक्षक खास या गाण्यांसाठीच जातात. पडद्यामागे सामान बदलण्यास लागणाऱ्या वेळातून लोकांचे व्यासपीठ तयार झाले.

पडद्यापुढचा माणूस

खेडोपाडी देवळापुढे होणाऱ्या हौशी नाटकांतही मधल्या जागेचा थाट काही कमी नव्हता. तालुक्याहून भाड्याने आणलेला पडदा दोरीवर अडकून बसे. आत शकुंतला झालेल्या गड्याचे नऊवारी सुटलेले असे आणि कोणी गॅसबत्तीला पंप मारीत असे. बाहेर लोक ‘चला, उरका’ म्हणून ओरडत. तेवढ्यात कोणी तरी पडद्यापुढे येऊन कागद हातात धरी आणि बक्षिसांची यादी वाची. अमक्यांकडून पाच रुपये, तमक्यांकडून दोन रुपये, कोणा बाईकडून आठ आणे. ज्याचे नाव वाचले जाई तो अंधारात मान खाली घालून बसे, पण शेजाऱ्याच्या कोपराचा धक्का त्याला बसल्यावाचून राहत नसे. नंतर एखादा पोरगा नक्कल करी, एखादा म्हातारा भारूड म्हणे. त्यांची नावे जाहिरातीच्या कागदावर कधीच छापली गेली नाहीत. नाटक तरून जाई ते पुष्कळदा त्यांच्या जिवावर.

नाटक लांबले की तालीम मास्तरची कात्री पहिली चालते ती अशाच मधल्या प्रवेशांवर. दोन शिपाई आणि एक कोळी, यांना काढले तर काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. शाकुंतल बसविणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये. हा प्रवेश काढला तर राजाला झालेली आठवण आकाशातून पडल्यासारखी होते. तो राहिला तर ती एका माणसाच्या कष्टातून, त्याच्या जाळ्यातून आणि त्याने खाल्लेल्या मारातून आली, हे दिसते.

कालिदासाने सूचक आणि जानुक या शिपायांना नावे दिली आहेत. कोळ्याला नाव दिलेले नाही. तो फक्त कोळी आहे. बक्षिसाचा अर्धा भाग शिपायांना देऊन तो मद्याच्या दुकानाकडे निघून जातो आणि नाटकात पुन्हा कधी येत नाही. सातव्या अंकात राजा, राणी आणि पुत्र भरत यांची भेट होते, सर्वत्र आनंद होतो, पण अंगठी कोणी आणून दिली याची आठवण तेथे कोणालाही होत नाही. ती आठवण ठेवण्याचे काम कवीने प्रेक्षकांकडे दिले आहे.